अंगठ्याची परीक्षा

केदिरी, रविवार

प्रिय तुमिनीताई,

तुझा निरोप पोचला. शुक्रवारी जुमादीबाबांकडे मालिशीला यायचं आणि केमो बंद करायची, कारण दोन डोस होऊनही गाठ तेवढीच आहे. मी येणार नाही. नवऱ्यानंही तुझीच बाजू घेतली. "ताई मोठी आहे, ऐक जरा तिचं," म्हणाला. म्हटलं, छाती माझी आहे, तुम्हा दोघांची नव्हे.

चूक मी आधी करून बसलेच आहे. आईनं आपल्या टोफूच्या कारखान्यात आपल्याला लादी अंगठ्यानं जोखायला शिकवलं. घट्ट ती चांगली, मऊ ती परत वजनाखाली. गाठ हाताला लागली तेव्हा मी तोच न्याय लावला. घट्ट आहे, दुखत नाही, मग कसली काळजी? सात महिने लाद्या दाबत राहिले.

हे ऐकून डॉक्टर विदास्तुतीबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या सोनोग्राफीत गाठीचा घट्टपणाही मोजता येतो. गाठ फार घट्ट असणं वाईट, त्यात औषधही नीट मुरत नाही. जास्त दाबलेली लादी हळदीच्या पाण्यात बुडवली तरी आत रंग शिरत नाही ना, तसंच. गेल्या मंगळवारी त्यांनी पुन्हा मोजलं. आकार तोच, पण गाठ मऊ पडलीय. "वचन देत नाही हं, पण औषध लागू पडतंय असं दिसतं. आकार मागाहून कमी होईल," म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, माझ्या अंगठ्याला हे आधीच कळलं होतं. "मग सात महिने कुठे गेला होता तुमचा अंगठा?" दोघी हसत सुटलो.

केस गेले, भाताला चव नाही. तरी हा मऊपणा मी कुणाच्या तेलमालिशीपायी घालवणार नाही.

आता खरं सांगते. ईदला गळाभेट घेताना तू डावी बाजू चोरलीस. मी आवळलंच तुला. अंगाला जुमादीबाबांच्या तेलाचा वास होता, आणि मला काहीतरी टणक लागलं. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही. ताई, चाळीस वर्षं लाद्या दाबणाऱ्या बाईपासून काय लपवतेस? परवा मंगळवारी माझा तिसरा डोस आहे. दवाखान्यात दोन नंबर लावलेत, दुसरा तुझ्या नावाचा, तुला न विचारता. सकाळी सहाच्या बसनं ये. नाही आलीस तर टकलानिशी तुझ्या दारात उभी राहीन, सगळ्या गल्लीदेखत.

तुझीच, न ऐकणारी,
रुमियाती