कुणी ओळखणार नाही असा देश

श्री
मुक्काम अकोला, माघ वद्य तृतीया, शके १७८७

सौभाग्यदायक स्वामींचे चरणी मनकर्णेचा शिरसाष्टांग दंडवत. इकडील सर्व क्षेम. आपले क्षेम आपण मुंबईत बसून लिहीत जावे. बापाने शिकवला तसा मायना लिहिला, आता पुढचे माझ्या मनाने लिहिते.

गयासुद्दीनभाई बाळापुराला घरी जाता जाता तुमचे पत्र देऊन गेले. ज्या माणसाबरोबर भागीत इतकी वर्षे कापसाच्या गाड्या बाजारात नेल्या, त्याला तुम्ही आता नुसता निरोप्या केला आहे. त्यांनी तक्रार केली नाही. ते सोमवारी परत मुंबईला निघतील, तेव्हा हे पत्र त्यांच्याच हाती देईन.

आपली कौशल्या सासरी सुखात आहे. सासूबाईंचा गुडघा थंडीने धरला आहे. गाय व्याली, कालवड झाली. तूर बरी आली. कापसाचा भाव पडला तो पडलाच, अमेरिकेतली लढाई संपली त्याला आम्ही इकडे काय करणार. तुमच्या एकट्याचा पडलेला नाही, सगळ्यांचाच पडला आहे. तरी बाकीचे लोक आपापल्या घरी जेवतात आणि झोपतात.

तुमचे पत्र वाचून आधी मला हसूच आले. विलायतेतले लिव्हरपूल, आफ्रिकेजवळचे जंगबार आणि साहेब मॉरिशस म्हणतो ते मोरस बेट, या तिन्हींतून तू म्हणशील तिथे बिऱ्हाड करू, असे लिहिले आहे. लेकीचे लग्न झाले एवढा आपला संसार जुना. वडाजवळच्या वावरात ज्वारी पेरायची की कापूस, हे या संसारात मला एकदाही विचारले नाही. आणि आज एकदम सगळी पृथ्वी ताटात वाढून पुढे सरकवलीत. उपकार झाले.

लिव्हरपुलाचे म्हणाल तर तिथे गोदामात वऱ्हाडचा कापूस पारखायला जाणता माणूस हवा, असे कुणा शेटने तुम्हाला सांगितले. तो जाणता माणूस तुम्ही, हे त्याला कुणी सांगितले? आपल्याच घरच्या कापसातली पाने आणि सरकी गयासुद्दीनभाई वेचून दाखवत, तेव्हा तुम्ही आभाळाकडे पाहत होता. त्या गावात म्हणे कोळशाच्या धुरात दिवसा दिवा लावतात. आपला कापूस तिथे जातो खरा. पण तो निदान धोतरजोडा होऊन परत तरी येतो.

जंगबारला लवंगांच्या बागा आहेत, गुजराती व्यापारी बक्कळ कमावतात, असे लिहिता. ते व्यापारी पहाटे उठतात, हेही कुणाला तरी विचारून घ्या. आणि मोरस बेटाचे तर वाचूनच मी पत्र खाली ठेवले. तिथे ऊस तोडायला मजूर भरून नेतात, कागदावर अंगठा घेतात आणि जहाजात कोंबतात. तुम्ही त्यांच्यावर मुकादम होणार आहात म्हणे. पेरणीला वावरात पाय टाकायचा म्हटले की तुमचे डोके दुखते. तिकडे उसातल्या उन्हात ते थांबणार आहे काय?

समुद्र ओलांडला तर जातवाले काय म्हणतील ते मी लिहीत नाही. ते तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे, आणि त्यांना काही चारून प्रायश्चित्त उरकता येते हेही ठाऊक आहे. सासूबाईंना मी पत्र वाचून दाखवले.  त्या गुडघा चोळत म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "त्याले म्हना, जायाचं तिथं जाय. पन मायले तोंड दाखवून जाय. तोंड लपवून जाते तो चोर."

तोंड कशापायी लपवायचे ते त्यांनी विचारले नाही. मी सांगितले नाही. तुम्हीही पत्रात त्याचा एक शब्द लिहिला नाही. व्यापार, हवापाणी, साहेबलोकांचा न्याय, सगळे लिहिले. पण व्यापारासाठी जाणारा माणूस दिवाळीचे दिवे विझायच्या आत, अंधारात, मागच्या दाराने निघत नाही.

तेव्हा मीच लिहिते. एकदा लिहून झालेले बरे.

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली कुणी नांगराला चांदीचा फाळ केला, कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. तुम्ही आपल्या दमणीच्या चाकांना चांदीची धाव बसवली. गयासुद्दीनभाईंनी समजावले, मी समजावले. धाव लोखंडाची असते, ती लाल तापवून चाकावर चढवायची आणि पाणी ओतून आवळायची, तेव्हा कुठे ती लाकूड धरते. चांदीला तसे तापवून कोण चढवणार? सोनाराने ती लोखंडावर बारीक खिळ्यांनी ठोकून दिली. खिळे ठोकताना तोही खाली मान घालून हसत होता. तुम्हाला ते दिसले नाही.

मग गेल्या सालच्या मार्गशीर्षात अमरावतीच्या माझ्या बहिणीच्या मुलाचे लग्न आले. अवकाळी पाऊस झालेला. मुलीच्या गावी जाताना अमरावतीबाहेरच्या नाल्यात आपली दमणी रुतली, बैलांनी ओढ घेतली आणि उजव्या चाकाची चांदी सोलून निघाली ती चिखलातच राहिली. मागे सगळे वऱ्हाड थांबलेले. इथपर्यंत काही बिघडले नव्हते. गाडी कुणाचीही रुतते. चार जण धोतर खोचून मदतीला उतरलेही होते.

पण तुम्ही जरीच्या पागोट्यासकट चिखलात उडी घेतली, दोन्ही हात पसरले आणि ओरडलात, "कोनी हात लावू नका, आमची चांदी हाये." नवरदेवाचे म्हातारे आजोबा, माझ्या बहिणीचे सासरे सहदेवराव मागच्या गाडीतून म्हणाले, "शेषराव, आमी पावने हाओत, चोर नाई." आणि सगळा नाला हसला.

त्या दिवसापासून तुम्ही चांदीराव झालात. अमरावतीत झालात, मग अकोल्याच्या बाजारात झालात, आणि भाव पडल्यावर तर लोकांना ते नाव आणखीच गोड लागले. तुम्ही बाजारात जाणे सोडले, मग ओट्यावर बसणे सोडले. आता वऱ्हाडच सोडून निघालात. चांदी गेली याचे तुम्हाला काही नाही, तेवढी ऐपत आपली अजून आहे. पाहुण्यांना चोर म्हटले याचेही काही वाटलेले मी पाहिले नाही. लोक हसले याचे मात्र इतके लागले, की त्यासाठी तुम्ही सात समुद्र ओलांडायला तयार आहात. मला याची किळस येते. अपमान झाला म्हणून देश सोडणारे ऐकले होते, हशाला भिऊन सोडणारा माझ्याच वाट्याला यावा.

त्या हशाचे पुढे काय झाले तेही वाचा. तुम्ही गेल्यावर मी दोन्ही चाकांची उरलेली चांदी उतरवली, लोहाराकडून नवी लोखंडी धाव बसवून घेतली, आणि संक्रांतीला त्याच दमणीतून सासूबाईंना घेऊन अमरावतीला बहिणीकडे गेले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी विचारले, "चांदी कुठं गेली वो बाई?" मी म्हटले, "नाल्याले हौस होती, त्यानं ठेवून घेतली." त्या हसल्या, मी हसले, तिळगूळ वाटला, आणि विषय तिथेच संपला. मी सहदेवरावांच्या पायाही पडून आले. ते म्हणाले, "शेषरावले घेऊन ये कवातरी." आता लोक अकोटच्या रामरावाला हसतात. त्याने मुंबईहून काचेचे झुंबर आणून गवती छपराला टांगले आणि छप्परच अंगणात आले. रामराव अजून अकोटातच आहे. नवे छप्पर घालतो आहे.

जाताना गयासुद्दीनभाई दारात घुटमळले. म्हणाले, "वयनी, शेषराव मले म्हने, तिकडं कोनी मले वळखनार नाई, हेच मोठं सुख हाये. म्या म्हनलं, बरं हाये बावा, मंग सनासुदीले जेवाले कोन बोलावनार हाये तुले?"  

म्हणजे तुमचा शोध देशाचा नव्हे. कुणी ओळखणार नाही अशी जागा तुम्हाला हवी, आणि तिथे मीही हवी. या दोन गोष्टी तुम्ही एका पत्रात कशा लिहिल्यात, याचे मला नवल वाटते.

कारण त्या दिवशी नाल्यात सहदेवरावांच्याही आधी मी हसले होते. पुढच्या बाकावर मीच होते, पहिला आवाज माझा. तुम्ही तो ओळखला, म्हणूनच वर्षभर माझ्याशी धड बोलला नाहीत. मला त्याची लाज नाही. तो प्रसंगच हसण्यासारखा होता. पण हसता हसता मीही लुगडे खोचून चिखलात उतरले आणि तुमच्या बाजूने चाकाला खांदा दिला. तुम्ही खाली मान घालून चांदी चाचपत होता, तुम्हाला वाटले गाडी बैलांनी काढली.

माझे उत्तर असे. तिन्हींपैकी कोणताही देश मला चालेल, मला सगळे सारखेच. बोलावलेत तर येईन. जहाजावर ओकत ओकत येईन, परक्या चुलीवर भाकरी थापीन, धुरात दिवा लावीन. पण मी जिथे उतरेन तिथे तुम्हाला पुरते ओळखणारे एक माणूस उतरले, हे समजून बोलवा. तुम्ही साहेबासमोर मोठेपणा सांगायला लागलात की मला तो नाला आठवणार, आणि मला हसू आवरत नाही. एका माणसाचे हसू जन्मभर घरात सोसायची तयारी असेल, तर मग अमरावती काय वाईट आहे, तिथले तर आता विसरलेही. आणि ती तयारी नसेल तर मला बोलावू नका, एकटेच जा. मी सासूबाईंना सांभाळीन आणि कुंकू लावत राहीन. तुम्ही कुठल्या देशात आहात असे कुणी विचारले, तर मला ठाऊक नाही असेच सांगेन, कारण ते खरेच असेल.

राग येतो तोवर ठीक चालते. तो ओसरला की ओट्यावर तुमच्या बसण्याची जागा दिसते आणि दुपार सरत नाही. हे लिहायचे नव्हते, पण आता खोडून कागद घाण करीत नाही.

जहाज फाल्गुनात सुटणार म्हणता. गयासुद्दीनभाई हे पत्र देऊन लगेच वऱ्हाडाकडे परत फिरतील, तुमच्या उत्तरासाठी थांबणार नाहीत, थांबू नका असे मीच त्यांना सांगितले आहे. तुम्हाला यायचे असेल तर त्यांच्याबरोबर या, दिवसाउजेडी, पुढच्या दाराने. लोक हसतील. मी तर हसेनच.

जगात कुठेही गेलात तरी तुम्हाला ओळखणारी,
मनकर्णा