खडकीपाड्याचा ऑर्गन

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार
पोचले एकदाची! नंदुरबारला उतरल्या उतरल्या वाळत घातलेल्या मिरचीनं दहा शिंका काढल्या. मग विसरवाडीपर्यंत बस, तिथून पाळक अजित गावितांच्या मोटारसायकलवर खडकीपाडा. त्यांच्या पत्नी ममताताईंनी गरम भाकरी आणि उडदाचं वरण वाढलं. चर्चच्या मागची खोली माझी; खिडकीत ऊस डोलतो. आठ डिसेंबरच्या रविवारी चर्चला शंभर वर्षं होतात. चाळीस वर्षं मुका पडलेला ऑर्गन त्या दिवशी वाजवून दाखवायचा. मिरजेत जन्मभर हार्मोनियमच दुरुस्त केल्या. असं काम पुन्हा कोण देणार मला?

२६ नोव्हेंबर
देखणं यंत्र! सागवानी पेटी, पट्ट्यांच्या एकावर एक दोन रांगा, पायांनी दाबायच्या पट्ट्या वेगळ्या, आणि आवाज बदलायला चिनीमातीच्या मुठींचे बारा खटके. समोरच्या सोनेरी नळ्या नुसत्या शोभेच्या. खऱ्या तीनशे अठ्ठेचाळीस आतल्या खोलीत उभ्या आहेत. सर्वांत मोठी लाकडी, माझ्या दीडपट. सर्वांत लहान पेन्सिलीएवढी. खोलीला झडपा आहेत. उघडल्या की सूर अंगावर येतो, मिटल्या की शिवारापलीकडे गेल्यासारखा वाटतो. तळाशी मेंढीच्या कातड्याचा भाता. उंदरांनी कुरतडलाय. पूर्वी माणूस दांडा मारून हवा भरायचा. आता मी विजेचा पंखा बसवणार.

२८ नोव्हेंबर
भात्याला नवं कातडं चिकटवलं. दुपारी नळ्या काढून, पुसून, एकेक तोंडानं फुंकून पाहिली. ही नेहमीचीच पद्धत. एक शिशाची नळी फुंकली, तोंड काढलं, तरी ती वाजत राहिली. मी अकरापर्यंत मोजलं. आवाज घुमला असेल. दम लागला, लवकर झोपले.

३० नोव्हेंबर
झाडलोट करणाऱ्या फुलीबाईंना आज मी नळी फुंकताना दिसले. त्यांनी झाडू टाकला आणि माझा हातच धरला. म्हणाल्या, “बाई, त्या बाजाले तोंड लावू नको. मन्हा धनी भाता मारता मारता मरी गया, तरी बाजा वाजीच ऱ्हायना व्हता.” त्यांचे यजमान करणसिंग दांड्यावर कोसळले, आणि लोकांचं गीत संपेपर्यंत ऑर्गन थांबला नाही. त्यानंतर पेटीला कुलूप लागलं. पाळकांना विचारलं. ते म्हणाले, करणसिंगला दमा होता, भात्यात हवा उरली असेल.
एवढी हवा भात्यात उरत नाही. हे मला ठाऊक आहे.

२ डिसेंबर
जिना चढताना दोनदा बसले. मिरचीचा त्रास असेल म्हणून विसरवाडीच्या डॉक्टरांकडे गेले. छाती स्वच्छ आहे म्हणाले. पण तिथे, त्यांच्या खुर्चीत, मला श्वास पुरत नव्हता. परत येऊन पेटीला टेकले आणि छाती भरली.
पंखा अजून जोडलेला नाही. भाता मात्र हलतो. वर, खाली. माझ्याबरोबर.

४ डिसेंबर
निघून जायचं ठरवलं. सकाळची नंदुरबार बस. चार-पाच किलोमीटरवर डोळ्यांपुढे काळोख आला. कंडक्टरनं बस थांबवली, पाणी दिलं. उतरून मागे चालू लागले, आणि पावलागणिक श्वास मोकळा होत गेला. चर्च दिसलं तेव्हा रडले. सुटकेनं रडले, याचीच भीती वाटते.

५ डिसेंबर
आवाज गेला. कुजबुजही निघत नाही. पाळकांना सगळं लिहून दाखवलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तीनशे माणसं येणार आहेत, ताई, म्हणाले, आता कसं रद्द करू?

६ डिसेंबर
गायनमंडळाचा सराव. पंखा मी अजूनही जोडला नव्हता. पाळकांनी पट्टी दाबली—वाजला. सुंदर वाजला. दुसऱ्या कडव्याला सुनिता पडली, दहावीतली मुलगी. ममताताईंना धाप लागली. सगळे म्हणाले, उपाशी असेल पोरगी.
भाता दुप्पट फुगला होता.

७ डिसेंबर
फुलीबाई माझ्याजवळ बसल्या. मी पाटीवर लिहिलं, वाचायला येत नाही म्हणाल्या. मग मी भात्याकडे बोट दाखवलं, कातडं कापायची सुरी दाखवली. त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला. त्यांना कळलं—तो फाटला की हेही थांबेल.
त्या मान हलवत राहिल्या. नको, नको.

८ डिसेंबर, रविवार
आतल्या खोलीत आहे. आतून कडी. झडपांतून दिसतं—बाकं भरली. भिंतीला टेकून माणसं. पुढच्या रांगेत लहान मुलं. सुनिताही आली आहे.

पाळक बोलतायत. भाता वाट बघतो. हलत नाही अजिबात. मीही—

दार वाजवतायत फुलीबाई.

बाराही खटके ओढले पाळकांनी. आता उभे राहतील सगळे. गाण्याआधी एकदम श्वास घेतील—त्याच्या आत—

सुरी टेकवली. कातडं गरम आहे. दाबते. थोडं फाटलं, माझ्या छातीत कळ—अजून—सगळे उठले, मुलांनी तोंडं उघ