सतराव्या ओळीवरचा डाग

२ डिसेंबर १९७४, सोमवार. वडूज.
सायक्लोस्टाइल मशीन सांगलीहून आलं. सेकंडहँड, पण तब्येत ठणठणीत. चेअरमन भाऊसोंनी ते माझ्याच ताब्यात दिलं. योग्यच केलं. अकरा वर्षं सिग्नल्समध्ये काढलेला माणूस पाणीवाटप सोसायटीत दुसरा आहे कोण?
पहिलं काम पाळीपत्रक. तलावाचं पाणी कुणाला, कवा, किती तास, याच्या १४० प्रती. सगळ्या प्रतींवर खाली एक काळा डाग, बरोबर सतराव्या ओळीवर. निदान: जुनी शाई. उपाय: रोज सकाळी पॅडला रॉकेल पाजणे. फौजेत आम्ही सगळं रॉकेलनंच धूत असू.

३ डिसेंबर.
रॉकेल पाजलं. नवीन स्टेन्सिल टाइप केला. डाग मोठा झाला. म्हणजे घाण सुटते आहे. लक्षण चांगलं.
शिपाई आकाराम म्हणाला, रॉकेलनं शाई पातळ होतेय. त्याला विचारलं, तू किती वर्षं फौजेत होतास?

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ११.
दोष कागदाचा. दमट आहे. शेगडीवर शेकला. कडा पापडासारख्या वळल्या. सहा प्रती जळाल्या (किरकोळ).
दुपारी ४. डाग तिथंच, सतराव्या ओळीवर. आता अंडाकृती. वेळ नाही, तसंच वाटून टाकलं. एवढ्या ओळींतली एक गेली तर काय होतं?
संकल्प: रॉकेल दुप्पट.

१० डिसेंबर, मंगळवार.
सतरावी ओळ बनाबाईंची.
काल त्यांची पाळी होती. पाटकरी नाथाजीला पत्रकात सोळानंतर एकदम अठरा दिसला. त्यानं पाणी अठराला सोडलं. बनाबाई दिवसभर पाण्याची वाट बघत बांधावर उभ्या. दीड एकर शाळू. नवरा पलटणीत, आसामकडं. घरी त्या आणि म्हातारी सासू.
आज ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या. मी त्यांना मशीनमधला तांत्रिक दोष नीट समजावून सांगितला. ड्रम, पॅड, स्टेन्सिल, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,
"आवं मानसिंगराव, मिशनचं ऱ्हाऊ द्या. माजी वळ हातानं लिवायला काय व्हत हुतं?"
प्रश्न गैरलागू होता. मशीन असताना हातानं लिहिणं म्हणजे माघार.
भाऊसोंनी नाथाजीला बोलावून शनिवारी रात्रीचे दोन तास त्यांना काढून दिले. पुढचं पत्रक १७ तारखेला स्वच्छ निघालं पाहिजे, असंही म्हणाले. माझ्याकडं बघून.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१५ डिसेंबर, रविवार.
अंतिम निर्णय. डाग आहे म्हणजे ड्रमच वाकडा. उद्या स्वतः सांगलीला जाऊन मेकॅनिकला गाठणार. दोन दिवस रजा. आकारामला ताकीद: मशीनला हात लावायचा नाही. रॉकेलसुद्धा मी आल्यावर.

१६ डिसेंबर. सांगली.
मेकॅनिक तात्याबा गणपती पेठेजवळ बसतो. मी त्याला अर्धा तास लक्षणं सांगितली. त्यानं एकच विचारलं, पॅडला काय लावता? मी म्हणालो, फक्त रॉकेल.
तो म्हणाला, "स्टेन्सिल मेणाचा असतोय. रॉकेल ड्रमच्या तळाला उतरतंय, तिथलं मेण इरगळतंय. भोक पडलं की डाग वाढतोय. पयला डाग झिजल्या पॅडचा. पॅड बदला आन् रॉकेल बंद करा."
येऊन बघायलासुद्धा तयार नाही. वाकड्या ड्रमचं नावच काढलं नाही. अनुभव कमी दिसतो.
मुक्काम एस.टी. स्टँडवर. झोप नाही. सारख्या बनाबाई पायरीवर बसलेल्या दिसत होत्या. ढेकूणही होते.

१८ डिसेंबर, बुधवार.
हजर झालो. पाळीपत्रक कालच वाटून झालेलं. १४० प्रती, अक्षर मोत्यासारखं, डाग कुठंच नाही. भाऊसोंच्या सांगण्यावरून आकारामनं पॅड बदललं, ड्रम कोरड्या फडक्यानं पुसला आणि हँडल फिरवलं.
माझं मत: दोन आठवडे पाजलेलं रॉकेल शेवटी लागू पडलं. हे मी भाऊसोंना सांगितलं. ते म्हणाले, यापुढं मशीन आकारामकडं, तुम्ही आवक-जावक बघा. आवक-जावक ही जबाबदारीची जागा आहे. मशीनच्या खोलीची माझ्याकडची चावी मी स्वतःहून दिली. मागायची वाट पाहिली नाही. दोनदाच मागितली होती.

२० जानेवारी १९७५, सोमवार.
बनाबाई आल्या. शाळू वाचला. टॉवेलात बांधून गरम हुरडा आणला होता, आकारामसाठी. मी आवक रजिस्टरात मान घातली.
आकारामनं निम्मा माझ्या टेबलावर ठेवला. बनाबाईंनी चटणीची पुडी तेवढी माझ्याकडं सरकवली.
खाल्ला. गोड होता.