पेरणी यंत्राची सातवी नळी

दादा,

तू निवडलेलं जुनं पेरणी यंत्र चांगलं आहे. "रंग फासून तुझ्या गळ्यात मारलंय," असं मी बोलले, ते मागे घेते. त्या दिवसापासून तू शेताकडे फिरकला नाहीस.

काल सातवी नळी मातीने तुंबली आणि मला कळलंच नाही. दुपारपर्यंत प्रत्येक फेरीत एक ओळ रिकामी गेली. मग त्या ओळी हाताने पेरत बसले. निम्म्या अजून बाकी आहेत आणि पाठ धरलीय. बाबांना सांगितलेलं नाही.

मी निघते. भाजी झाकून ठेवलीय. राग असू दे, पण जेवून ये. ट्रॅक्टर मी चालवीन, मागे नळ्यांकडे तू बघ. दोन्ही माझ्या एकटीने होत नाही.

— धाकटी