ऐब सांगून

अब्बा, तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे मोकळेपणाने लिहितोय. तुमची नात आज जळगावला नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. सोबत मी. "कळवतो" म्हणालेत. धुळ्याला परत आल्यापासून आपल्या मोटारींच्या दुकानात बसलोय खरा, पण फोन वाजला की हातातलं काम टाकून धावतो.

बी.कॉम. झाल्यावर दोन वर्षं ती घरी बसून सीएचा अभ्यास करत होती. दोनदा नापास झाली. बायोडाटा टाइप करणारा मला म्हणाला, "चाचा, ही दोन वर्षं तुमच्याच दुकानात अकाउंटंट दाखवा ना. मालक तुम्ही, शिक्का तुमचा, विचारणार कोण?" मला पटलं होतं. पण तीच हसली. "अब्बू, दुकानात मी फक्त डबा घेऊन यायची. डब्याचा अनुभव लिहू का?"

तेव्हा सोनगीरचे ते आबा आठवले. पाण्याची जुनी मोटार घ्यायला आले होते. तुम्ही ती चालू केलीत आणि मला विचारलंत, "काय ऐकू येतं?" ऐकू येत होतं, पण गिऱ्हाइकासमोर मी गप्प. मग तुम्हीच सांगितलंत, "आबा, बेअरिंग घासलंय. हा हंगाम निघेल, पुढचं माझ्यावर नको." आबा भडकले, "मिस्तरी, तू मोटार इकी ऱ्हायना का गिऱ्हाईक हाकली ऱ्हायना?" आणि समोरच्या दुकानात शिरले. परत कधी आलेच नाहीत. तुम्ही हात पुसत म्हणालात, ऐब लपवून विकलेल्या मालात बरकत नसते, रोजी देणारा वर बसलाय. मी मात्र आबांच्या पाठीकडे बघत राहिलो. अजूनही कधीकधी ती पाठ दिसते.

आज कंपनीच्या ऑफिसाबाहेर बाकावर बसलो होतो. मध्ये प्लायवूडची भिंत, आणि कान तर तुम्हीच तयार केलेले. आत साहेब विचारतात, "ही दोन वर्षं काय केलंत?" पोरी, बोल काहीतरी, मी मनात म्हणतो. मग तिचा सरळ आवाज येतो, "सीए करत होते, सर. दोनदा नापास झाले. आता सोडलंय. पण हिशेब पक्का आहे, हवं तर आत्ता बघा." साहेब हळू काहीतरी बोलतात, आणि नेमका तेव्हाच डोक्यावरचा पंखा घरघरायला लागतो. त्याचंही बेअरिंग गेलेलं. पुढचं एक अक्षर कळलं नाही.

बसमध्ये तिने विचारलं, "अब्बू, बरोबर बोलले ना मी?" मी म्हणालो, "तुझे दादाअब्बा असेच बोलायचे." ती खूश झाली. त्या आबांचं मी काही सांगितलं नाही.

तुमच्या कबरीवर फातेहा पढायला येईन तेव्हाही हे वाचून दाखवणार नाही. ती आत होती तोवर बाकावर मी सारखी दुआ मागत होतो, अब्बा. तिच्या तोंडून खरं निघावं, अशी नाही. त्या दोन वर्षांचं कुणी विचारूच नये, एवढीच.