छकुलीची उजवी किडनी

२ जून
आजपासून रोजनिशी. आणि एक मोठं काम. मुलांच्या किडन्या वयाप्रमाणे कशा वाढतात, याचा स्वतःचा तक्ता करायचा. अट एकच, मुलं धडधाकट हवीत. पहिली आमचीच छकुली, वय सात. बापच सोनोग्राफीवाला, मग बाहेर कशाला शोधा?

५ जून
छकुलीला टेबलावर घेतलं. गुदगुल्या होतात म्हणून खिदळत होती. डावी साडेनऊ सेंटिमीटर! वयाच्या मानाने दणदणीत. आमच्या घराण्याची हाडंपेरंच मोठी. उजवी साडेसहा. हलली असणार.

११ जून
छकुलीला पुन्हा ताप. तिच्या आईचं म्हणणं, दर वेळी लघवीला जळजळतं, एकदा तपासून घेऊ. म्हटलं, घरात डॉक्टर असताना? पाणी कमी पिते, बस.

२४ जून
ताप उतरला. म्हटलंच होतं. उजवी पुन्हा मोजली. तेवढीच. अंगावर फिरवायचा प्रोब जरा तिरका धरला, स्क्रीनवरचा मोजायचा कर्सर कडेच्या किंचित पुढे नेला, सव्वासात आली. शेवटी अनुभव तो अनुभव. सिस्टर स्क्रीनकडे बघत होती. तिला चहा सांगायला पाठवलं.

१४ ऑगस्ट
छकुलीचं डोकं दुखतं. वर्गात फळा अंधुक दिसतो म्हणे. चष्मा. मलाही याच वयात लागला. उद्या नक्की डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

२ सप्टेंबर
डोळ्यांचं राहूनच गेलं. आज ही मला न विचारता छकुलीला बालरोगतज्ज्ञ बाईंकडे घेऊन गेली. घरकी मुर्गी! बाईंचा फोन आला, बीपी फार वाढलंय, ताबडतोब ॲडमिट करतेय. दंडाचा पट्टा लहान पडला असणार, म्हणून जास्त दाखवतंय. मोठ्या पट्ट्याने घ्या म्हटलं. म्हणाल्या, तीनदा घेतलं, पट्टा बरोबर आहे.

३ सप्टेंबर
बाईंनी माझ्यादेखत स्वतः सोनोग्राफी केली. उजवी सहा पूर्णांक तीन. सारख्या इन्फेक्शनने आक्रसलीय, वाढ केव्हाच थांबलीय, म्हणाल्या. डावी दोघींचं काम ओढून ओढून फुगलीय. बीपी, डोकेदुखी, अंधुक दिसणं, सगळं त्या उजवीमुळेच.
आधी कुणी पाहिली होती का, असं त्यांनी विचारलं. ही माझ्याकडे बघत राहिली. मी घसा खाकरला. तेवढ्यात छकुलीनेच सांगून टाकलं, बाबांनी दोनदा पाहिली, छान आहे म्हणाले.
बाईंनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला.
मी छकुलीच्या कुशीवरची जेली पुसली. तिला गुदगुल्या झाल्या नाहीत.