सर्वात जास्त चालणारा शब्द

मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आहे. नोकरीची, मालकांची, आणि थोडी माझीही.

माझं काम एवढंच, की लोक इंटरनेटवर काय शोधतात, त्यातून आमच्या कोणत्या जाहिरातीवर येतात आणि पुढे खरंच काही विकत घेतात का, ते पाहायचं. ज्या शोधशब्दावर आम्ही पैशांची बोली लावतो, तो कोणी टाइप केला की आमची जाहिरात वर दिसते. माल दुसऱ्याचा, कमिशन आमचं. सध्या शुगरवरची पावडर आहे. आज पाहिलं, तर सर्वात जास्त विक्री 'इन्सुलिन कसं बंद करावं' या शोधावरून.

मालक, म्हणजे नितीनभाऊ, खूश. म्हणाले, "बाकीचे शब्द काढ. सगळं बजेट याच्यावरच लाव."

"भाऊ, हे लोक इन्सुलिन सोडून पावडर खाऊन राहिले."

"आपण कुठं विकतो? आपण फक्त रस्ता दाखवतो."

इन्सुलिन कसं बंद करावं. कोणीतरी रोजच्या सुईला कंटाळून हे टाइप केलं असेल, आणि आम्ही त्यावर बोली लावायची? मी त्यांच्यासमोरच तो शब्द बंद केला. त्यांनी माझ्या हातातून माऊस घेतला, परत चालू केला आणि चहा मागवला. मी पर्स उचलून निघाले.

आई म्हणाली, "काहून वं, लवकर आली?" पहिल्यांदाच तिला सगळं समजावून सांगितलं. नोकरी सोडली म्हणून रागवेल असं वाटलं. तिनं एवढंच विचारलं, "मंग ज्याईनं पावडर घेतली, त्याईले इन्सुलिन सोडू नका म्हणून कोणी सांगतलं का?"

कोणीच नाही. मलाही सांगता येणार नाही. आमच्याकडे त्यांचे क्लिक येतात, नावं येत नाहीत.